कोकणातलं गावचं घर दुरुस्त करताना: गवंडी, मेस्त्री आणि ठेकेदार कसे नेमावेत

नोकरी मुंबई-पुण्यात आणि वडिलोपार्जित घर रायगड, रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गात, अशा माणसाला डोळ्यांसमोर ठेवून हे लिहितो आहे. जांभ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, ओटी-पडवी-माजघर अशी मांडणी, आणि वर्षातले बरेचसे महिने दाराला कुलूप. अशा घराला पहिल्यांदाच हात घालायचा तर कोणाला बोलवायचं, किती पैसे आधी द्यायचे, कागदावर काय घ्यायचं, हे कोणी नीट सांगत नाही. नवं घर बांधणाऱ्यालाही यातलं बरंचसं उपयोगी पडेल.

मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण पुढे ती जागोजागी येणार आहे. पैसे कामाच्या मागून गेले पाहिजेत, पुढून नाही. माझ्या पाहण्यात ठेकेदार लबाड निघाला म्हणून बिघडलेल्या कामांपेक्षा, आगाऊ दिलेले पैसे आणि तोंडी राहिलेलं बोलणं यांनी बिघडलेली कामं जास्त आहेत. माणूस चांगला असला तरी हातात आलेले पैसे तो आधीच्या अडकलेल्या कामात घालतो, आणि मग तुमचं काम अडकतं.

पाहणी पावसात, काम उन्हात

घर कुठे गळतं ते मे महिन्यात कळत नाही. गणपतीला गावी जाल तेव्हा पाऊस चालू असतो. तेव्हा वही आणि खडू घेऊन घरभर फिरा. जिथे थेंब पडतो तिथे जमिनीवर खूण करा आणि वर बघून फोटो काढा. पाणी वाशावरून ओघळत लांब येतं, त्यामुळे थेंब पडतो त्याच्या बरोबर वर फुटकं कौल असेलच असं नाही. वाशांची टोकं जिथे भिंतीत शिरतात आणि पागोळीजवळ जिथे सतत ओल असते, तिथे लाकडावर छोट्या हातोडीने ठोकून पाहा. घट्ट लाकडाचा आवाज टणक येतो, वाळवीने पोखरलेल्याचा पोकळ. रीपा, म्हणजे वाशांवरच्या आडव्या पट्ट्या, बोटाने दाबल्या तरी कळतं.

भिंतीची ओल तीन ठिकाणांहून येते आणि तिन्हींचा इलाज वेगळा. छपरातून आलेली ओल वरून खाली उतरते. जोत्यातून चढलेली ओल जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंतच असते आणि तिथला गिलावा फुगून पांढरी पूड सुटते. तिसरी ओल पागोळ्यांचं पाणी अंगणात आपटून भिंतीवर उडाल्याची. तिथे छपराचा पुढावा वाढवला किंवा खाली चिऱ्याचा उतार करून पाणी लांब नेलं की बराचसा प्रश्न सुटतो. हे ओळखता आलं तर फार पैसे वाचतात, कारण अनेक ठेकेदारांकडे तिन्हींवर एकच उत्तर असतं: "कौलं काढा नि स्लॅब टाकून घ्या."

स्लॅबचा निर्णय असा उभ्या उभ्या घेऊ नका. जुन्या घरांच्या भिंती बहुधा मातीत बांधलेल्या असतात. त्या कौलारू छपराचं वजन पिढ्यान् पिढ्या पेलतात, पण स्लॅबचं वजन त्यांच्यावर टाकायचं नसतं. त्यासाठी पाया आणि कॉलम वेगळे घ्यावे लागतात. स्लॅब टाकायचा असेल, भिंत पाडायची असेल किंवा वर मजला चढवायचा असेल, तर तालुक्याच्या ठिकाणच्या एखाद्या परवानाधारक इंजिनियरला फी देऊन घर दाखवा. तो इंजिनियर ठेकेदाराने आणलेला नसावा. लाकूड पुष्कळसं शाबूत असेल तर माझं मत कौलं राखावीत असंच आहे. घर थंड राहतं, आणि एखादं कौल फुटलं तर गावातला कोणीही चढून बदलू शकतो.

आता महिन्यांचा हिशोब. दसरा-दिवाळीच्या सुमारास भातकापणी चालते, माणूस मिळत नाही. मार्चपासून आंबा-काजूचे दिवस, मध्ये शिमगा, मग लग्नसराई. खरं मोकळं काम होतं ते नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत. म्हणून बोलणी गणपतीत करून ठेवायची, दर दिवाळीपर्यंत ठरवायचे आणि छपराला थंडीत हात घालायचा. छप्पर एप्रिलच्या मध्यापर्यंत पूर्ण मिटलं पाहिजे. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्तेने सगळी किनारपट्टी झोडपली, त्यामुळे "पाऊस सात जूनला येतो, अजून वेळ आहे" या हिशोबावर छप्पर उघडं ठेवण्यात अर्थ नाही. आतला रंग, फरशी, वायरिंग मागे राहिलं तरी चालतं.

ठेकेदाराच्या आधी भाऊबंद

कोकणातली कितीतरी घरं आणि त्याखालची जमीन सामाईक असते. सात-बारावर चार चुलत्यांची नावं, ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर आजोबांचं, आणि राहतं कोणीच नाही. काम सुरू झाल्यावर एखाद्या हिस्सेदाराने हरकत घेतली तर अर्धवट उघडलेलं छप्पर तसंच राहतं आणि ठेकेदाराची माणसं दुसरीकडे जातात. म्हणून सात-बारा आणि घराचा नमुना आठचा उतारा आधी काढा, आणि सगळ्या हिस्सेदारांकडून "दुरुस्तीला हरकत नाही, खर्च अमुक जण करत आहेत" एवढं तरी सहीनिशी घ्या. खर्चाचं पुढे काय करायचं, वाटणीत तो धरायचा का, हेही त्याच कागदावर आलं तर उत्तम.

कौलं परतणं, गिलावा, रंग यांसारखी आहे त्याच घराची डागडुजी वेगळी. खोली वाढवणं, घर पाडून पुन्हा बांधणं, उंची वाढवणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात ग्रामपंचायतीत लेखी विचारा आणि उत्तरही लेखी घ्या. समुद्र किंवा खाडी जवळ असेल तर सीआरझेडची, म्हणजे किनाऱ्याजवळच्या बांधकामावरच्या सरकारी नियमांची, मर्यादा लागते का, हे ठेकेदाराच्या शब्दावर सोडू नका. आणि आपल्या परड्यातलं झाड तोडून वासे काढायचा विचार असेल तर साग, आंबा, ऐन अशी झाडं स्वतःच्या जमिनीतली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. १९६४ पासून तसा राज्याचा कायदा आहे.

कोणाला नेमायचं?

प्रत्येक कामाला ठेकेदार लागत नाही. काम एकाच कारागिराचं असेल, म्हणजे नुसती कौलं परतायची, एक भिंत गिलावायची, चार वासे बदलायचे, तर थेट गवंडी किंवा मेस्त्री गाठा. कोकणात मेस्त्री म्हणजे बहुधा सुतार, आणि जुन्या छपराच्या बाबतीत घरातला सगळ्यात मोठा निर्णय त्याच्या हातात असतो. गवंडी, मेस्त्री, प्लंबर, वायरमन, फरशीवाला असे तीन-चार जण एकामागून एक लागणार असतील आणि तुम्ही तिथे नसाल, तर मात्र ठेकेदार हवा. कोणी कधी यायचं हे जुळवणं हेच त्याचं खरं काम, आणि त्याचा नफा त्यासाठी असतो. तो नफा द्यायला कुरकुर करू नये.

कामाचे प्रकार चार. रोजंदारीवर म्हणजे दिवसाची हजेरी मोजून मजुरी. किती काम निघेल हे सांगता येत नाही अशा जुन्या छपराच्या उघडझापीला हे ठीक, पण रोज तिथे उभं राहणारं घरचं माणूस हवं. उक्तं म्हणजे ठरलेलं काम ठरलेल्या रकमेत; काम नेमकं लिहिलेलं असेल तरच घ्यावं. लेबर रेट म्हणजे माल तुमचा, मजुरी फुटावर किंवा ब्रासवर. आणि मालासकट, म्हणजे सगळं त्याच्या अंगावर. गावात विश्वासाचं माणूस असेल तर लेबर रेट सगळ्यात चांगला, कारण मालात काटकसर करण्याचं ठेकेदाराला कारण उरत नाही. कोणीच नसेल तर मालासकट द्या, पण मग सिमेंट, सळई, वायर, पाइप, नळ, रंग या प्रत्येकाचा प्रकार आणि कंपनी आधी लिहून घ्या. "चांगल्यातलं वापरू" हे वाक्य दरपत्रकात असून नसल्यासारखं आहे.

माणूस कसा शोधायचा

बाजारपेठेतल्या हार्डवेअरच्या दुकानात आणि सिमेंटच्या डेपोत विचारा. दुकानदार नावं सांगतोच, पण त्याला आणखी एक गोष्ट विचारा: "ह्याची उधारी वेळेवर येते का?" ज्याची उधारी थकलेली, त्याला तुमच्या कामावर माल वेळेत मिळणार नाही. चिरे आणि खडी वाहणारे गाडीवालेही चांगली माहिती देतात, कारण ते रोज दहा ठिकाणची कामं पाहतात.

मग त्या माणसाची दोन कामं पाहायला जा. एक चालू असलेलं, एक निदान तीन पावसाळे काढलेलं. नव्या रंगात सगळीच घरं सुंदर दिसतात. तीन पावसाळ्यांनंतर खिडकीच्या वरची भेग, न्हाणीच्या मागच्या भिंतीची ओल, छज्जाच्या खालचा गंजाचा डाग लपत नाहीत. त्या घरच्यांना "काम कसं झालं?" असं विचारलं तर सगळे बरंच म्हणतात. त्याऐवजी नेमकं विचारा. ठरलेली रक्कम किती होती आणि शेवटी किती झाली? मध्ये किती दिवस काम बंद होतं? पावसाळ्यात गळलं तेव्हा बोलावल्यावर आला का?

चालू कामावर मात्र डोळे उघडे ठेवून उभं राहायचं. सिमेंटच्या पिशव्या जमिनीला टेकवून ठेवल्या आहेत की फळ्यांवर? कालच्या बांधकामावर आज पाणी मारलेलं दिसतं का? गवंड्याच्या हाताशी ओळंबा, काटकोन तपासायचा गुण्या आणि लेव्हलची नळी आहे का, की नुसता नजरेचा कारभार? परांची दोरीने नीट बांधलेली आहे का? मजुरांशी ठेकेदार कसा बोलतो, तेही ऐका. ज्याची माणसं वर्षानुवर्षं टिकून आहेत त्याचं काम सहसा एकसारखं असतं.

दर मागताना सगळ्यांना एकच यादी

नवखा माणूस इथेच सगळ्यात जास्त चुकतो. तीन जणांना घर दाखवायचं, तिघे आपापल्या मनाने आकडा सांगणार, आणि सगळ्यात कमी आकड्याला होकार. पण तिघांनी तीन वेगळ्या कामांचे आकडे सांगितलेले असतात. एकाने जुना गिलावा काढणं धरलेलं नाही, दुसऱ्याने वाळवीची फवारणी सोडली, तिसऱ्याने वाहतूक वेगळी ठेवली.

यादी तुम्ही करा. "छप्पर दुरुस्ती" असं न लिहिता सुटं लिहा: कौलं उतरवून रचून ठेवणं, फुटकी वेगळी काढणं, कुजलेले वासे बदलणं (दर फुटावर), रीपा नव्या, सगळ्या लाकडाला वाळवीप्रतिबंधक औषध, कौलं धुऊन परत घालणं, नवी कौलं लागतील तेवढी (दर नगावर), आढ्यावरची कौलं सिमेंटमध्ये बसवणं. असं लिहिलं की तिघांचे आकडे शेजारी ठेवून पाहता येतात. कुठल्या ओळीत एकाचा दर फारच कमी आहे तेही दिसतं, आणि तिथे विचारायचं की कसं परवडतं?

मापाची पद्धतही यादीतच ठरवा. ब्रास म्हणजे वाळू-खडीच्या बाबतीत १०० घनफूट आणि गिलावा-फरशीच्या बाबतीत १०० चौरस फूट. दोन्ही अर्थांनी शब्द वापरतात. गिलाव्यात दारं-खिडक्यांची जागा वजा करायची की नाही? छप्पर जमिनीवरच्या मापाने धरायचं की उतारावरून? हा फरक लहान नाही. ३० फूट बाय २४ फुटांच्या घराचं माप जमिनीवर ७२० चौरस फूट येतं. तेच ३० अंशांच्या उताराचं छप्पर उतारावरून मोजलं तर ८३० च्या वर जातं, आणि बाहेरचा पुढावा आणखी वेगळा. दोन्ही पद्धती रास्त आहेत, पण कोणती ते आधी ठरलं पाहिजे. चिरे नगावर येतात; चिऱ्याचं माप खाणीगणिक बदलतं, म्हणून नुसता नगाचा दर विचारू नका, लांबी-रुंदी-जाडीही विचारा.

आणि वाहतूक. गाडी घराच्या दारात येत असेल तर प्रश्न नाही. पण पाखाडीने पन्नास पायऱ्या उतरून जायची वाडी असेल तर चिरा, वाळू, सिमेंट सगळं डोक्यावरून जातं आणि तो खर्च मालाच्या किमतीच्या जवळ जाऊ शकतो. गाडीतळापासून घरापर्यंतची वाहतूक कोणाची, हे एका ओळीत लिहा. तसंच पाणी, वीज आणि निघालेली डबर-माती.

कागदावर काय असावं

करारनामा दोन पानांचा पुरतो. गावात "आपल्यात कागद कशाला?" असं ऐकायला मिळतं, तेव्हा शांतपणे सांगा की मी इथे नसतो, उद्या माझ्या मुलाला विचारायची वेळ आली तर त्याला कळायला हवं. बहुतेकांना हे पटतं. त्यात दोघांची नावं-पत्ते, वर सांगितलेली यादी दरासहित, सुरू करण्याची आणि छप्पर मिटवण्याची तारीख, पैशांचे टप्पे, आणि पावसाळ्यानंतरची जबाबदारी एवढं असावं. जादा कामाबद्दल एकच ओळ, पण ती हवीच: यादीबाहेरचं कुठलंही काम दर ठरवून व्हॉट्सअ‍ॅपवर माझा होकार आल्याशिवाय करायचं नाही. जुन्या छपरात उघडल्यावर जास्त लाकूड कुजलेलं निघणारच. त्यासाठी एकूण रकमेच्या पंधरा-वीस टक्के वेगळे बाजूला ठेवा, पण ते आहेत असं जाहीर करू नका.

जुन्या मालाचा मुद्दा कोकणात फार महत्त्वाचा. सागाची तुळई, कोरीव खांब, फणसाच्या फळ्या, जुनी जाड दारं यांना आज चांगली किंमत आहे. उतरवण्याआधी प्रत्येक नगाचे फोटो काढा, मोजून यादी करा आणि "काढलेला जुना माल घरमालकाचा" असं लिहून घ्या. नाहीतर "कुजलेलं होतं, टाकून दिलं" याच्यापुढे बोलता येत नाही.

पैशांचे टप्पे कसे असावेत, याचं उदाहरण देतो. मालासकट चार लाखांचं काम धरा. सुरुवातीला ४०,००० उचल. छप्पर उघडून लाकूडकाम पूर्ण झालं, मोजलं, की १,००,०००. कौलं चढून आढं बंद झालं की ८०,०००. गिलावा झाल्यावर ८०,०००. फरशी, न्हाणीघर, वायरिंग संपून साफसफाई झाली की ६०,०००. राहिलेले ४०,००० पहिला पावसाळा काढल्यावर, ३० सप्टेंबरपर्यंत.

ठेकेदार म्हणेल की लाकडाला आधीच लाखभर लागतात, ४०,००० मध्ये काय येणार? त्याचं म्हणणं बरोबर आहे. अशा वेळी वखारीचं बिल तुम्ही थेट वखारवाल्याच्या खात्यावर भरा आणि पुढच्या टप्प्यातून वळतं करा. माल येतो, पैसे दुसऱ्या कामावर जात नाहीत. शेवटचे दहा टक्के मागे ठेवण्यालाही तो नाराज होईल. लहान ठेकेदाराला ते जड जातं हे खरं आहे, पाच टक्क्यांवर तडजोड करा, पण सोडू नका. कोकणात छपराची परीक्षा जुलैमध्येच होते. आणि तुमच्या बाजूने टप्पा पूर्ण झाल्याच्या दोन दिवसांत पैसे गेलेच पाहिजेत. मजुरांचा बाजार शनिवारी-रविवारी असतो. तुमचे पैसे आठवडाभर लांबले तर त्यांच्या घरी चूल अडते, आणि चांगली टोळी दुसऱ्या कामावर निघून जाते. पैसे बँकेतून द्या. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्याची बंदीच आहे, शिवाय बँकेची नोंद हीच तुमची पावती.

काम चालू असताना

दूर राहून लक्ष ठेवायचं तर रोज संध्याकाळी चार फोटो आणि त्या दिवशीची हजेरी मागा. पण काही दिवस सुट्टी काढून जायलाच हवं: लाकूड चढवण्याचा दिवस, स्लॅब असेल तर सळई बांधून झाल्याचा दिवस, आणि न्हाणीघराच्या फरशीच्या आधीचा दिवस. या तिन्ही ठिकाणी पुढे सगळं झाकलं जातं.

नवीन लाकूड ओलं नसावं आणि चढवण्याआधीच चारी बाजूंनी, विशेषतः टोकांना, वाळवीचं औषध लागलेलं असावं. चढवल्यावर खालून मारलेला हात भिंतीत जाणाऱ्या टोकापर्यंत पोहोचत नाही, आणि वाळवी तिथूनच सुरू होते.

काँक्रीटच्या बाबतीत किनाऱ्यावरच्या घराला वेगळा नियम आहे आणि तो गावच्या कामात क्वचितच पाळला जातो. खाऱ्या हवेने सळई गंजते, फुगते आणि स्लॅबचे पापुद्रे पाडते. भारतीय मानक आयएस ४५६ नुसार किनारपट्टीच्या हवेत उघड्या असलेल्या आरसीसी, म्हणजे सळई घातलेल्या काँक्रीटच्या, कामाला किमान एम ३० दर्जाचं काँक्रीट आणि सळईवर ४५ मिलिमीटर कव्हर, म्हणजे सळई झाकणारा काँक्रीटचा थर, लागतो. खाऱ्या हवेपासून आडोशाला असलेल्या कामाला एम २५ आणि ३० मिलिमीटर. नेहमीच्या सवयीने लावले जाणारे २० मिलिमीटरचे कव्हर ब्लॉक इथे पुरत नाहीत. सळईखाली कव्हर ब्लॉकऐवजी खडीचे तुकडे घातलेले दिसले तर काँक्रीट ओतू देऊ नका. खाडीतली वाळू कमी दरात मिळाली तरी आरसीसीला नको. तिच्यातलं मीठ आतूनच गंज चढवतं. मचूळ विहिरीचं पाणीही नको.

पाणी मारणं म्हणजे क्युरिंग. आजकाल मिळणारं बरंचसं सिमेंट पीपीसी, म्हणजे राखेसारखी भर घातलेलं, असतं, त्याला कोरड्या उन्हाळी हवेत १४ दिवस पाणी हवं. ठेकेदाराची माणसं दुसऱ्या कामावर गेल्यावर पाणी कोण मारणार, हे आधी ठरवा. शेजारच्या घरातल्या कोणाला मजुरी देऊन हे काम सोपवणं सगळ्यात उत्तम. स्लॅबचे टेकू साध्या सिमेंटला साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्यात (दोन आधारांमधल्या अंतरात) निदान ७ दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्यात १४ दिवस काढायचे नसतात. पीपीसी असेल तर इंजिनियर सांगेल तितके दिवस आणखी. सेंट्रिंगचं, म्हणजे टेकू-फळ्यांचं, सामान भाड्याचं असतं म्हणून ते लवकर काढायची घाई होते.

न्हाणीघरात वॉटरप्रूफिंग झालं की फरशी लावण्याआधी दार अडवून पाणी तुंबवा आणि निदान दोन दिवस ठेवून खालच्या आणि मागच्या भिंती पाहा. वायरिंगमध्ये खरं अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच बंद करणारं स्विच, घ्या. पावसाळाभर बंद आणि दमट राहणाऱ्या घरात हे जिवाचं काम आहे.

कामगारांची काळजी हा कराराचाच भाग समजा. प्यायचं पाणी, दुपारी सावली, संडासची सोय, आणि उंचीवर काम करताना पट्टा आणि हेल्मेट. बाहेरून आलेली टोळी तुमच्याच पडवीत राहणार असेल तर त्यांच्या ओळखपत्रांच्या प्रती ठेवा, आणि त्यांच्यातल्या कोणी महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी केली आहे का तेही विचारा. नोंदणीसाठी वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो; तुमच्याकडे काम केलेल्या दिवसांचं पत्र मागितलं तर जरूर द्या. त्या नोंदणीवर अपघातात आणि मुलांच्या शिक्षणात मदत मिळते.

काम अडलंच तर

ठेकेदार येईनासा झाला तर फोनवर वाद घालण्यात महिने घालवू नका. पहिल्यांदा झालेल्या कामाचं संयुक्त मोजमाप करा: तो, तुम्ही आणि गावातले दोघं जण, फोटोसहित, सहीनिशी. त्याने केलेल्या कामाची किंमत आणि तुम्ही दिलेले पैसे यांतला फरक समोर आला की बहुतेक भांडणं तिथेच मिटतात. तो मोजमापाला येत नसेल तर तारीख देऊन स्पीड पोस्टाने कळवा आणि त्या तारखेला इंजिनियरकडून मोजून घ्या. त्यानंतरच दुसरा माणूस कामावर घाला, नाहीतर कोणाचं काम कुठे संपलं हे सिद्ध करता येत नाही. पैशांचा प्रश्न तरीही सुटला नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागता येते. घरबांधणी ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवा म्हणून धरलेली आहे, आणि तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करायची असते. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आधी माहिती घ्या.

काम संपल्यावर ताबा घेताना चार वस्तू मागून घ्या. वापरलेल्या रंगाचा क्रमांक आणि डबा, पंप-गिझर-नळांची बिलं वॉरंटीसकट, उरलेल्या कौलांपैकी निदान पन्नास नग पडवीत रचून, आणि भिंतीत गाडलेल्या पाइप-वायरचे गिलाव्याआधी काढलेले फोटो. ते फोटो छापून मीटरच्या पेटीत आत चिकटवून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी खिळा मारणाऱ्या किंवा भिंत फोडणाऱ्या माणसाला ते जागेवर सापडतील.